वाचकांचे प्रश्न : सिलिंडरशिवाय हिरवी टाकी

मागील अंकात एका उत्तराच्या ओघात ‘कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवायही घरात पाणवनस्पतींची टाकी उत्तम राहते’ असे वाक्य मी लिहून गेलो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच देत आहे. सारख्या शंका एकत्र करून चार पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. दिवाणखान्यात दोन फुटी फिशटँक ठेवून त्यात खऱ्या वनस्पती लावाव्यात असे मुलीच्या मनात आहे. दुकानदाराने सिलिंडर, भारी दिवा, परदेशी माती अशी यादी हातात ठेवली आणि तिचा आकडा पाहून घरात दोन दिवस हा विषय बंद होता. आपण म्हणता तशी साधी टाकी नेमकी कशी उभी करावी? ती खरोखर टिकते का? (पुणे)

उत्तर : टिकते, पण ती का टिकते हे आधी समजून घेतले, तर यादीतले काय घ्यावे आणि काय सोडावे हे आपले आपल्यालाच ठरवता येईल. शाळेतील प्रयोग आठवा. चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या, त्यांवर उपडे नरसाळे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी, आणि उन्हात ठेवल्यावर नळीत जमणारे ऑक्सिजनचे बुडबुडे. त्या पाण्यात बाई चिमूटभर खाण्याचा सोडा टाकत असत, कारण प्रकाश भरपूर असूनही साध्या पाण्यात वनस्पतीला पुरेसा कार्बन मिळत नाही. तो सोडा हाच त्या प्रयोगातला सिलिंडर. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो, तर सिलिंडर लावलेल्या टाकीत तो २० ते ३० मिलिग्रॅम ठेवतात. तेव्हा सिलिंडर नसलेल्या टाकीत वाढ मंदच होणार, आणि दिवाही त्या मंद वाढीला झेपेल इतकाच असला पाहिजे. प्रकाश जास्त आणि कार्बन कमी अशी स्थिती झाली की वनस्पती थबकतात आणि उरलेल्या प्रकाशावर शेवाळ फोफावते. सिलिंडर वगळून भारी दिवा तेवढा घेणे ही म्हणूनच सर्वांत वाईट काटकसर आहे.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकी माती, वाळू व पाण्यासह ८५ ते ९० किलोंच्या घरात जाते. घराच्या जमिनीला हे वजन सहज पेलते, परंतु टीव्हीच्या फळीला पेलेलच असे नाही. भक्कम टेबल घ्यावे आणि काचेखाली थर्माकोलचा सलग तुकडा घालावा, म्हणजे टेबलाचा किरकोळ उंचसखलपणा काचेला बाधत नाही. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी.

आता माती. परदेशी मातीची गरज नाही. आपल्याकडची बागेतील साधी माती चालते, मात्र तिच्यात शेणखत, गांडूळखत किंवा रासायनिक खत अजिबात नसावे. माझ्या पहिल्या टाकीत मी गुलाबाच्या कुंडीतली माती चाळून थेट घातली होती. तिसऱ्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखे झाले आणि झाकण उघडताच गटाराचा वास आला. दोन आठवडे रोज निम्मे पाणी बदलूनही तो गेला नाही, तेव्हा सगळे उपसून टाकावे लागले. तेव्हापासून मूठभर माती बरणीत पाण्याखाली चार दिवस ठेवून तिचा वास घेतल्याशिवाय मी ती वापरत नाही. खडे व मुळ्या चाळून काढलेल्या मातीचा थर एक इंचाहून अधिक नसावा, आणि त्यावर धुतलेल्या जाड वाळूचा तेवढाच थर असावा. वाळूवर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहावेत. फेस आला तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा आहे आणि ती पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे, करील. पाणी ओतताना वाळूवर ताटली पालथी ठेवावी व धार तिच्यावर सोडावी, नाही तर चाळण्याचे सगळे कष्ट एका मिनिटात चिखलात जातात.

वनस्पती पहिल्याच दिवशी दाट लावाव्यात. ‘आधी चार काड्या लावून बघू’ हा विचार इथे उलटतो, कारण मातीतून सुटणारे पोषण घेणारे कोणी नसेल तर ते शेवाळच घेते. मागे व्हॅलिसनेरिया, मध्ये क्रिप्टोकोरिन, एका कोपऱ्यात हायड्रिला किंवा हॉर्नवर्टचा जुडगा, आणि लाकडावर अनुबियस व जावा फर्न असा मेळ बसवावा. शेवटच्या दोहोंना आल्याच्या गड्ड्यासारखे आडवे खोड असते. ते वाळूत पुरले की कुजते. साध्या दोऱ्याने ते लाकडाला किंवा दगडाला बांधावे. मुळे आपोआप धरतात आणि दोरा पुढे कुजून जातो. पाण्यावर तरंगणारी पिस्टियाची दोन-तीन रोपे सुरुवातीच्या महिन्यांत फार उपयोगी पडतात, कारण त्यांची पाने हवेत असल्यामुळे त्यांना कार्बनची ददात नसते आणि पाण्यातील जादा पोषण ती झपाट्याने शोषून घेतात. दिवा म्हणून १० ते १५ वॉटचा पांढरा एलईडी पुरेसा आहे. तो रोज सहा ते सात तास, ठरलेल्या वेळीच लावावा; टायमर लावला तर पाहुण्यांसमोर रात्री अकराला टाकी उजळण्याचा मोह टळतो.

मासे सर्वांत शेवटी. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी आहेत, आणि ही जिवाणूंची वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. दाट वनस्पती अमोनिया स्वतःही शोषतात, त्यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. महिनाभर मुलीला फक्त वनस्पती दाखवणे कठीण आहे याची मला कल्पना आहे. तोवर पानांवर फिरणाऱ्या गोगलगाईंवर वेळ निभावून न्यावी. नंतर डासांच्या बंदोबस्तासाठी आरोग्य विभाग हौदांत सोडतो ते गप्पी मासे आणावेत, मात्र सात-आठ नरच आणावेत. नर-मादी एकत्र सोडल्यास सहा महिन्यांनी शेजाऱ्यांना मासे वाटत फिरावे लागते. गोल्डफिश नको. तो कोवळी पाने खातो, वाळू उकरतो आणि दोन फुटी टाकीत मावेनासा होतो. वास्तूसाठी आठ सोनेरी व एक काळा मासा हवाच असे घरातील कोणी म्हटले, तर गप्पींमध्येही दोन्ही रंग मिळतात हे सांगून पाहावे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्याने उडून जातो. घाई असेल तर दुकानात ‘हायपो’ या नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरता येतात. स्पंजचा फिल्टर बसवला तर स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, कारण जिवाणू त्याच स्पंजात राहत असतात.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. टाकी लावून पंधरा दिवस झाले. क्रिप्टोकोरिनची सगळी पाने काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली आणि काचेवर पाण्याच्या रेषेपाशी पांढरा थर जमतो. उपटून टाकू का? घरात आरओ आहे, त्याचे पाणी घालावे का? (लातूर)

उत्तर : उपटू नका. क्रिप्टोकोरिनला जागा बदललेली सोसत नाही. पाणी किंवा प्रकाश बदलला की ती पाने सोडून देते, पण मुळे जिवंत असतात. शिवाय रोपवाटिकांत ही रोपे पुष्कळदा पाने पाण्याबाहेर ठेवून वाढवलेली असतात, आणि ती हवेतील पाने पाण्याखाली तशीही टिकत नाहीत. कुजलेली पाने कात्रीने कापून काढावीत, म्हणजे पाण्यात अमोनिया वाढणार नाही, आणि मुळांना हात न लावता वाट पाहावी. तीन-चार आठवड्यांत वाळूतून सुईएवढे तपकिरी कोंब वर आलेले दिसतील. ती पाने तुमच्याच पाण्यात जन्मलेली असल्यामुळे टिकतात.

पांढरा थर चुन्याचा आहे. बोअरचे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, आणि सहसा बायकार्बोनेटही भरपूर असते. ही अडचण जितकी वाटते तितकी मोठी नाही. वरच्या उत्तरातील खाण्याचा सोडा म्हणजे बायकार्बोनेटच, आणि हायड्रिला, व्हॅलिसनेरिया व हॉर्नवर्ट या वनस्पती त्यातून थेट कार्बन घेऊ शकतात. पुण्या-मुंबईच्या मऊ पाण्यात ज्या सावकाश वाढतात, त्याच तुमच्याकडे तरारून वाढतील. कॅबोम्बासारख्या नाजूक पानांच्या वनस्पतीला ही कला अवगत नाही, तिच्यावर पैसे घालवू नका. मासेही त्याच हिशेबाने निवडावेत; गप्पी, मोली आणि प्लॅटी यांना जड पाणी मानवते. एक सावधगिरी मात्र हवी. जड पाण्याचा सामू (पीएच) बहुधा ८ च्या आसपास असतो, आणि सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियातील विषारी वाटा सुमारे दहापट होतो. म्हणून खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.

आरओचे पाणी वापरावे, पण कशासाठी हे नीट पाहावे. बाष्प होऊन केवळ पाणी उडते, क्षार मागेच राहतात. घटलेल्या पाण्याची भर दर वेळी बोअरच्या पाण्याने घातली, तर टाकीतील क्षार महिन्यागणिक वाढत जातात. घट भरून काढण्यासाठी आरओचे पाणी आणि दर पंधरवड्याला पाव टाकी बदलण्यासाठी बोअरचे पाणी, ही विभागणी सोयीची आहे. आरओच्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र टाकीत घालू नये, कारण बोअरमधले क्षार त्यात अधिकच एकवटलेले असतात. कोकणातून हौसेने आणलेले शंख-शिंपले टाकीत ठेवले असतील, तर तेही शोकेसमध्ये हलवावेत.

प्रश्न : टाकी आठ महिन्यांची आहे, वनस्पती इतक्या दाट की मागची काच दिसत नाही. मे महिना लागल्यापासून पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करतात, दहा वाजेपर्यंत पूर्ववत होतात. वनस्पती ऑक्सिजन देतात ना? (नागपूर)

उत्तर : दिवसा देतात. रात्री दिवा मालवल्यावर त्याच वनस्पती, मासे, गोगलगाई आणि मातीतील जिवाणू हे सगळे एकाच पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, आणि साठा पहाटे सर्वांत कमी होतो. सकाळी उजेड पडला की प्रकाशसंश्लेषण सुरू होते आणि मासे खाली जातात. तुम्ही वेळ नोंदवल्यामुळे निदान सोपे झाले. मे महिन्याचाही त्यात हात आहे. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३२ अंशांना सव्वासातच्या आसपासच, आणि उष्णतेने माशांची भूक व श्वसन दोन्ही वाढलेले असते.

प्रथम छाटणी करा. निदान तिसरा हिस्सा काढा आणि पाण्यावर तरंगणाऱ्या पानांची चादर अर्धी मोकळी करा, कारण हवेतील ऑक्सिजन त्या उघड्या पृष्ठभागातूनच पाण्यात उतरतो. हवेचा पंप दिवसा बंद ठेवून दिवा मालवल्यापासून सकाळपर्यंत चालवा. टाकीचे झाकण उचलून छोटा पंखा पाण्यावर वाहता ठेवला, तर तापमान दोन ते चार अंशांनी उतरते. नागपूरकरांना हे तत्त्व शिकवायला नको, तुमच्या कूलरचेच ते आहे. दमट ठाण्यात किंवा पणजीत तोच पंखा निम्मेही काम करीत नाही. रात्री वीज गेली आणि मासे वर आलेच, तर मगभर पाणी काढून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतावे, असे दहा-पंधरा वेळा करावे. टाकी थोडी गढुळेल, पण मासे वाचतात.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. दुकानातून वनस्पती विकत घेण्याऐवजी कासच्या पठारावरील डबक्यांतून किंवा नदीतून आणल्या तर चालतील का? (सातारा)

उत्तर : कासवरून काहीही आणू नका. २०१२ पासून हे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळात मोडते. तिथल्या डबक्यांत दिसणारी वायतुरा ही वनस्पती घ्या. वायतुरा मोजक्याच सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, उगवतो आणि पावसाळा सरला की कंदाच्या रूपाने जमिनीत झोपी जातो. बारा महिने पाण्याखाली राहणे हा त्याचा स्वभावच नाही, त्यामुळे तो टाकीत टिकणार नाही आणि पठारावरून मात्र कायमचा कमी होईल. गेंद आणि सीतेची आसवे या तिथल्या फुलझाडांचेही तेच. कोकणातील नद्यांत क्रिप्टोकोरिनच्या देशी जाती वाढतात, परंतु त्यांनाही तिथेच राहू द्यावे. हायड्रिला मात्र कालव्यात किंवा गावतळ्यात मुबलक असते. तिच्या चार फांद्या आणायला हरकत नाही. त्या बादलीत निदान दोन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात आणि रोज न्याहाळाव्यात. फांद्यांतून चतुराची पिल्ले येतात. मातकट रंगाची, सहा पायांची ही पिल्ले तळाशी निश्चल बसून राहतात आणि लहान गप्पीला जबड्याच्या एका झेपेत पकडतात. माझ्या एका टाकीतील मासे रोज एक असे कमी होत होते, आणि चोर सापडला तो छाटणी करताना, व्हॅलिसनेरियाच्या मुळाशी.

उलट दिशेची वाहतूक त्याहून घातक आहे. पिस्टिया, छाटलेल्या फांद्या किंवा काच साफ करायला आणलेला आणि वाढून बसलेला सकर मासा नदीत, विहिरीत वा गटारात सोडू नये. जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले ते आपण पाहतोच, आणि सकर मासा आता उजनी धरणाच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊन जाळी फाडतो. छाटणीचा पाला दोन दिवस कडक उन्हात वाळवावा, हाताने चुरडला जातो याची खात्री करावी आणि मग कुंडीत घालावा.