वाचकांचे प्रश्न : फोटोग्राफीचं मासिक लावायचं, पण कुठलं?

यावेळी निम्मी पत्रं एकाच विषयावर आलीत. मोबाईलवर रोज शेकडो फोटो बघणाऱ्या लोकांना अचानक मासिकं का आठवली काय माहीत, पण बरं वाटलं. त्यातली चार निवडलीत.

प्रश्न : दादा, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, कॉलेजला सेकंड इयरला आहे. मावशीनं तिचा जुना डीएसएलआर दिलाय, कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५ ची किट लेन्स आहे. यूट्यूब बघून बघून डोकं उठलंय, प्रत्येकजण वेगळंच सांगतो. एखादं फोटोग्राफीचं मासिक लावावं म्हणतोय, वर्षाला हजारभर रुपये घालू शकतो. कुठलं लावू?

भावा, हजार रुपये तूर्त खिशातच राहू देत. आधी जुने अंक फुकटात चाळ, कारण या मासिकांत दोन तऱ्हेचा माल असतो, एक कॅमेऱ्याबद्दलचा आणि दुसरा फोटोबद्दलचा, आणि कॅमेऱ्याबद्दलचा माल दोन वर्षांत शिळा होतो. कुठल्या बॉडीचा ऑटोफोकस किती फास्ट, कुठली लेन्स कडेला किती सॉफ्ट, हे सगळं कॅमेरा घ्यायच्या आधी आठवडाभर वाचायचं असतं आणि नेटवर फुकट मिळतं, त्याला वर्षाची वर्गणी कशाला भरायची?

म्हणून मी कुणालाही सांगतो, ताजा अंक बघूच नको, तीन-चार वर्षांपूर्वीचा बघ. त्यात आजही वाचण्यासारखं निम्म्याहून जास्त असेल तर ते मासिक लावण्यासारखं. आपल्याकडची बेटर फोटोग्राफी, एशियन फोटोग्राफी, स्मार्ट फोटोग्राफी यांचे जुने अंक रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अधूनमधून सापडतात, वजनावर मिळाले तर उचल. करवीर नगर वाचन मंदिरातही विचारून बघ, १८५० पासूनची लायब्ररी आहे, काय निघेल सांगता येत नाही. दळवीज किंवा कलानिकेतन या आपल्या चित्रकलेच्या कॉलेजांत कुणी मित्र असला तर त्याच्या लायब्ररीत घुस.

अंक हातात आला की फोटोखालची ओळ वाच. नुसतं 'एफ ८, १/२५०, आयएसओ २००' असं कॅमेऱ्याचं सेटिंग छापलेलं असेल तर त्यातून काही शिकायला मिळत नाही, कारण तो उजेड त्या दिवशी तिथं होता, तुझ्याकडे नाही. एफ ८ का ठेवलं, कुठं उभा होता, आधीच्या दहा फ्रेम का टाकून दिल्या, हे जिथं सांगतात तिथं थांब. जोतिबाच्या चैत्र यात्रेचंच घे. गुलालात फोटो काढलास की मागच्या स्क्रीनवर एकदम भारी दिसतो आणि घरी कॉम्प्युटरवर बघितला की गुलालाचा नुसता सपाट गुलाबी गठ्ठा, कारण त्या रंगात लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, आधीच फुल्ल झालेला असतो आणि आपण बघत बसतो साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधार किती ते एकत्र दाखवणारा आलेख. 'तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा आणि लाल उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर कमी करा' असं सांगणारा एक लेख दहा लेन्स टेस्टच्या बरोबरीचा आहे.

आणि एकदम फुकट हवं असेल तर अमेरिकेतलं लाईफ. १९३६ ते १९७२ या काळातले त्याचे साप्ताहिक अंक गूगल बुक्सवर पानन् पान बघता येतात, जाहिरातींसकट. पहिल्या अंकाच्या कव्हरवर मार्गारेट बर्क-व्हाइटनं काढलेला फोर्ट पेक धरणाचा फोटो आहे. पण तू २० सप्टेंबर १९४८ चा अंक उघड, त्यात डब्ल्यू. यूजीन स्मिथची 'कंट्री डॉक्टर' ही फोटोमालिका आहे, कोलोरॅडोतल्या एका छोट्या गावातल्या डॉक्टरवरची. सुरुवातीला डॉक्टर बॅग घेऊन गवतातनं चाललाय, वर आभाळ भरून आलंय. पुढं एका फोटोत तो ऑपरेशनचा गाऊन घालून हातात कॉफीचा कप घेऊन टेकून उभा आहे, बाळंतीण आणि बाळ दोघंही गेलेत. हे दोन फोटो सुटे बघितलेस तर साधे वाटतील, पण कुठला फोटो मोठा छापलाय, कुठला कोपऱ्यात बारका टाकलाय, कुठला कुणाच्या शेजारी बसवलाय ते बघत पानं उलट, मग कळतं मासिक नावाची गोष्ट कशासाठी असते. इन्स्टावर हे दिसत नाही, तिथं सगळे फोटो एकाच मापाचे.

हे बघून झालं की थंडीत गुऱ्हाळावर जा आणि आठ फोटोंत एक गुऱ्हाळ सांगून बघ. रस उकळायची काहील, चुलवाणात चिपाड घालणारा जळव्या, गूळ करणाऱ्या गुळव्याचा हात, वाफा, ढेप. वाफ फ्रेममध्ये जास्त आली की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि फोटो काळवंडतो, एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढव. किट लेन्सवर सगळं होतं.

एवढं करूनही मासिक लावावंसं वाटलं तर मॅगझ्टरसारख्या ॲपवर एका वर्गणीत बरीच मासिकं वाचता येतात, एक महिना घेऊन बघ. त्यातलं तू खरंच कुठलं उघडतोस ते महिनाभरात कळेल, मग तेवढंच लाव.

प्रश्न : गडहिंग्लजला माझा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाची कामं करतो. मागं एका मासिकाची वर्षाची वर्गणी भरली, चार अंक आले आणि मग सगळं थंड, फोन केला तर कुणी उचलत नाही. आता छापील लावायचं धाडस होत नाही, डिजिटलच बरं का?

तुमचा राग समजू शकतो, पण छापील मासिकावर इतक्यात फुली मारू नका. मासिकं बंद पडतात हे खरं. पॉप्युलर फोटोग्राफी हे अमेरिकेतलं मासिक १९३७ ला सुरू झालं, जगभर वाचलं जायचं, ते सुद्धा २०१७ ला छापायचं बंद झालं, तिथं बाकीच्यांची काय कथा. त्यामुळं आता पैसे भरायच्या आधी गेल्या दोन महिन्यांतला छापील अंक स्टॉलवर किंवा कुणाच्या हातात प्रत्यक्ष दिसतोय का ते बघायचं, नुसत्या वेबसाईटवर विश्वास नाही ठेवायचा, साईट मासिक बंद पडल्यावरही चालूच असते. पैसे प्रकाशकाकडंच भरायचे, फोनवर 'सर, तीन वर्षांची घेतली तर ट्रायपॉड फ्री' म्हणणाऱ्याकडं नाही. आणि स्कीम कितीही गोड असली तरी पहिल्यांदा सहा महिन्यांचीच घ्यायची.

आता तुमच्या धंद्याचं. तुम्ही लग्नाचे छापील करिझ्मा अल्बम देत असणार, म्हणजे शेवटी तुमचं काम कागदावरच जातं ना, मग कागद बघायची सवय हवीच. दोन पानांवर पसरलेला फोटो मधल्या घडीत कसा बसवलाय ते चांगल्या मासिकात बघा. जाड पाठीच्या, गमनं चिकटवलेल्या अंकात मधला बोटभर भाग आत गिळला जातो, पिन मारलेल्या अंकात तो उघडा राहतो, म्हणून जाणता डिझायनर चेहरा कधी मध्यात येऊ देत नाही. आपल्याकडं नवरीचं नाक घडीवर आलेले अल्बम मी इतके बघितलेत की आता काही बोलत नाही. काळा रंगही बघा, नवरदेवाच्या काळ्या कोटाच्या घड्या छापून आल्यात का नुसता डांबराचा पट्टा झालाय. हे स्क्रीनवर कळत नाही, कारण स्क्रीनला मागनं उजेड असतो.

परदेशी मासिकं मात्र डिजिटलच घ्या, छापील अंकाला पोस्टाचा खर्चच अवाच्या सवा होतो. १८८४ ला सुरू झालेलं ब्रिटनचं अमॅच्युअर फोटोग्राफर घ्या, त्यात कामाचं तंत्र भरपूर असतं. न्यूयॉर्कचं अपर्चर वेगळ्याच जातीचं, १९५२ ला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, डोरोथिया लँग, मायनर व्हाइट वगैरे फोटोग्राफर मंडळींनी काढलेलं, त्यात लेन्सचा विषयच नसतो. लग्नाच्या कामाला त्याचा थेट उपयोग शून्य. पण एखादा अंक घेऊन बघाच, चिडचिड झाली तर मला लिहा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. नात दहावीत आहे, कळंबा तलावावर पक्ष्यांचे फोटो काढते. तिला वाढदिवसाला एखादं मासिक लावून द्यायचं आहे. काय द्यावं?

गुरुजी, सँक्च्युअरी एशिया द्या. बिट्टू सहगल यांनी १९८१ ला मुंबईतून सुरू केलेलं, फोटोही उत्तम आणि पक्षी तिथं का येतो, का येईनासा झाला हेही त्यात येतं. नॅशनल जिऑग्राफिक (१८८८ पासूनचं) मोठं नाव आहे, पण तिला सध्या आफ्रिकेतल्या सिंहापेक्षा कळंब्यातल्या बदकांचा उपयोग जास्त. एक बघा, ज्या मासिकात घरट्यातल्या पिल्लांचे जवळून काढलेले फोटो कौतुकानं छापतात ते तिच्या हातात देऊ नका.

प्रश्न : एका मासिकाच्या स्पर्धेला मी काढलेला एका लग्नातला फोटो पाठवायचाय. फोटो मी काढला म्हणजे माझाच ना? काही अडचण येईल का?

येऊ शकते. आपल्या कॉपीराईट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या, कलम १७ मध्ये असं आहे की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसेल, तर फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे लग्नाची ऑर्डर तुम्ही पैसे घेऊन केली असेल तर मालक पार्टी, तुम्ही नाही. ऑर्डर घेताना पावतीवरच एक ओळ टाकून सही घ्या की निवडक फोटो स्पर्धेला आणि जाहिरातीला वापरणार, बहुतेक लोक हसत सही करतात. मित्राच्या लग्नात हौसेनं काढलेला असेल तर गोष्ट वेगळी, तरी फोटोतल्या माणसांना विचाराच.

दुसरं, स्पर्धेचे नियम शेवटपर्यंत वाचा, बारीक अक्षरात असतात तेच. 'आलेले सर्व फोटो कुठंही, कितीही काळ, मोबदला न देता वापरण्याचा हक्क आमचा' असं वाक्य दिसलं तर समजायचं यांना स्पर्धा घ्यायची नाहीये, फुकटात फोटोंचा साठा करायचाय. फक्त बक्षीसपात्र फोटो, फक्त निकालापुरता आणि नावासकट, एवढं मागत असतील तर बिनधास्त पाठवा. मूळ रॉ फाईल मात्र आपल्याकडंच ठेवा, त्यांनी खात्रीसाठी मागितली तरच दाखवायची.