परक्या भाषेच्या संभाषणाच्या वर्गात मुलं बोलावीत म्हणून कोणते प्रश्न विचारावेत?

तुम्ही लिहिलंय की प्रश्न विचारला की अख्खा वर्ग माना खाली घालतो, आणि चांगल्या प्रश्नांची यादी मागितलीत. यादीने फारसं होत नाही. प्रश्न विचारून झाल्यावर तुम्ही किती वेळ गप्प राहता, ते आधी बघा.

यावरूनच आमच्या विभागप्रमुखांशी माझं वाजलं होतं. ते तास बघायला मागच्या बाकावर बसले होते. मी एका मुलीला विचारलं, "घरातला कुठला निर्णय तुला पटला नाही?" ती उभी राहिली. ओठ हलत होते, म्हणजे मनात वाक्य जुळवत होती. वर्ग शांत. सरांना राहवेना, त्यांनी मागूनच तिला एक तयार वाक्य पुरवलं. तिने ते तसंच म्हटलं आणि बसली. तिला काय सांगायचं होतं, ते राहिलंच. वर सरांनी मलाच ऐकवलं, "तुमचा तास मध्येच पडतो. प्रश्नांची सरबत्ती हवी."

सरबत्तीने एकेका शब्दाची उत्तरं मिळतात. शिक्षकाला उत्तर माहीत आहे हे मुलांना कळतं, मग ती तोंडी परीक्षा होते. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेत विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून तपासले. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबायचे. तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांबली, गप्प बसणं कमी झालं. परक्या भाषेत तर शब्दही शोधावे लागतात, तिथे तीन सेकंदही अपुरेच. संशोधक सिंथिया ब्रॉक यांनी 1986 मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांच्या वर्गात पाहिलं, की शिक्षकालाही उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नांवर विद्यार्थी लांब आणि जास्त गुंतागुंतीची वाक्यं बोलतात. हे सगळं मी सरांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, वर्गात शांतता पसरली म्हणजे शिक्षकाने तयारी केलेली नाही. मला ते तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही.

तेव्हा मत, अनुभव, निवड विचारा. उत्तर आलं की "छान" म्हणून पुढे पळू नका, त्यावरच "का?", "मग काय झालं?" असं विचारा. चूक लगेच सुधारू नका, वाक्य पुरं होऊ द्या.

अगदी नवख्यांना शब्द पक्के करायला माहीत-उत्तराचे प्रश्नही लागतात, ते टाकून देऊ नका. आणि काही मुलं सगळ्यांसमोरच्या शांततेने अधिकच गोठतात; त्यांना आधी शेजारच्याशी बोलू द्या, मग वर्गासमोर विचारा.

कुणी तुमचा तास बघायला येणार असेल, तर आधीच बजावून ठेवा: मी थांबलेली असताना मध्ये बोलायचं नाही.