वजन सारखं, मग साखर मलाच का?

प्रश्न : मी ४६ वर्षांची, धाकटी बहीण ४३. दोघींचं वजन ८२ किलो. माझी कंबर १०० सेंमी, नितंब १०४. तिची कंबर ९०, नितंब ११४. मला मधुमेह आणि फॅटी लिव्हर, तिचे रिपोर्ट स्वच्छ. एकाच आईच्या लेकी, मग हा दुजाभाव का?

उत्तर : टेप लावलात हे फार बरं केलंत. बहुतेक जण मला नुसतं वजन कळवतात. आता भागाकार करा. कंबर भागिले नितंब, तुमचे ०.९६, तिचे ०.७९. स्त्रियांमध्ये ०.८५ किंवा त्याहून जास्त आलं, की जोखीम वाढलेली समजतात. काटा ज्यांना सारखं म्हणतो, त्या तुम्ही दोघी टेपला मुळीच सारख्या वाटत नाही!

मांड्या-नितंबांवरची चरबी बिचारी उगाच बदनाम आहे. जादा मेद ती निमूट सांभाळते. ही त्वचेखालची कोठारं लवकर भरली, की मेद यकृतात, स्नायूंत, आतड्यांभोवती शिरतो आणि इन्सुलिन नीट काम करेनासं होतं. कोठारं केवढी आणि कुठे, यात जनुकांचा मोठा हात असतो, आणि सख्ख्या बहिणींतही जनुकांचा वारसा सरासरी निम्माच सारखा येतो. एफटीओ हे २००७ मध्ये गाजलेलं जनुक एकूण वजनाशी निगडित; चरबीच्या जागेशी निगडित जनुकं बरीचशी वेगळीच. २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या अशा ४९ जागा सापडल्या, त्यांतल्या २० ठिकाणी स्त्री-पुरुषांत फरक होता, आणि बहुतेक ठिकाणी परिणाम स्त्रियांमध्ये जास्त.

मला मात्र १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला कॅनडातला प्रयोग जास्त बोलका वाटतो. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस रोज १००० कॅलरी जादा खाऊ घातल्या. कुणी ४ किलोंनी वाढला, कुणी १३. पण जोडीतले दोघे साधारण बरोबरीनं वाढले, आणि पोटातली चरबी तर फारच मिळतीजुळती.

तेव्हा ‘तिच्यासारखा संयम नाही’ असं स्वतःला लावून घेऊ नका. वजन थोडं उतरलं तरी यकृतातली चरबी लवकर हलते. टेप मात्र शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून लावा. पोट आत ओढायचं नाही. माझ्यासमोर सगळेच ओढतात!

धाकटीलाही दर सहा महिन्यांनी मोजायला सांगा. पाळी जायच्या सुमारास चरबी पोटाकडे सरकू लागते, आणि ती आता ४३ ची आहे.