ज्यू धर्मात खरं महत्त्व कशाला: कबालाच्या गूढविद्येला की रोजच्या साध्या नियमांना?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ऑफिसातला ज्यू सहकारी म्हणतो, "कबाला मी उघडूनसुद्धा पाहिलेला नाही." आणि इकडे इन्स्टाग्रामवर कबालाचे कोर्स, लाल दोरे, देवाची बहात्तर नावं यांचा नुसता पूर आलाय. मग यातला खरा ज्यू धर्म कोणता, असं तुम्ही विचारलंय.

मी ज्यू नाही. मूळचा अलिबागकडचा आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांबद्दल लहानपणापासून ऐकत आलो, त्यातून वाचनाची सवय लागली. तेव्हा हे उत्तर एका बाहेरच्या वाचकाचं आहे, रब्बीचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूचं, नाही.

माझ्या मते पाया नियमांचाच. काय खायचं, शनिवारी काय करायचं नाही, मजुराची मजुरी कधी द्यायची, उधारी कशी वसूल करायची, यावर हा धर्म उभा आहे. गूढविद्याही तिथे फार जुनी आहे आणि खोलही आहे. पण ती लोकांच्या घरात टिकली ती रिवाज होऊन. जिथे तिने नियमांचा हात सोडला तिथे तिची धूळधाण झाली.

आधी एक सावधगिरी. आपल्या डोक्यात संत म्हटला की तो सोवळ्याओवळ्यावर आणि कर्मकांडावर कोरडे ओढणारा. त्यामुळे ज्यूंमधले गूढवादीही तसेच असणार, नियम झुगारून थेट देवाला भिडणारे, असं आपण धरून चालतो. तिथे बरोबर उलटं आहे. कबालावाले हे नियम आणखी कडक करणारे लोक. त्यांची मांडणी अशी: सृष्टी निर्माण करताना देवाने स्वतःला आवरून जागा केली, त्या जागेत प्रकाश ओतला, तो पेलणारी भांडी फुटली आणि ठिणग्या सगळीकडे विखुरल्या. आता माणूस विधिपूर्वक भाकरी मोडतो, आशीर्वाद म्हणतो, तेव्हा एखादी ठिणगी मोकळी होते. एवढं सगळं एका घासावर अवलंबून असेल तर नियमात ढिलाई कोण करेल?

ही मांडणी ज्याच्या नावावर आहे तो इत्झाक लुरिया (1534–1572). आजच्या उत्तर इस्राएलमधल्या गॅलिलीतल्या त्सफात गावात तो 1570 मध्ये आला आणि दोनेक वर्षांत वारला. स्वतः फारसं लिहिलं नाही. शिष्य हायिम वितालने लिहून ठेवलं. पण मला त्या गावातला खरा कुतूहलाचा माणूस वाटतो तो योसेफ कारो.

ज्यू कायद्याचा सर्वमान्य ग्रंथ 'शुल्हान आरुख' कारोचा. 1565 मध्ये व्हेनिसला छापला गेला. इतकं रोखठोक पुस्तक क्वचितच सापडेल. सुरुवातीच्याच पानांत बूट कसे घालायचे ते आहे: आधी उजवा घाला पण नाडी बांधू नका, मग डावा घाला, डाव्याची नाडी बांधा, मग उजव्याची. आणि हाच कारो रात्री मिश्ना (रब्बींच्या नियमांचा जुना संग्रह) म्हणत बसला की त्याच्याच तोंडून एक आवाज बोलू लागायचा. त्या आवाजाला तो 'मग्गीद' म्हणतो. मग्गीद त्याला गूढ गोष्टी सांगायचा आणि झापायचाही: झोप कमी कर, मांस-मद्य कमी कर. या सगळ्याची कारोने वही ठेवली होती, तीही पुढे छापली गेली.

म्हणजे बुटाच्या नाडीचा नियम लिहिणारा आणि रात्री आकाशवाणी ऐकणारा माणूस एकच. तुमच्या प्रश्नातले दोन पक्ष बऱ्याचदा एकाच डोक्यात राहतात. मात्र कायदा लिहिताना कारो मग्गीदला साक्षीला बोलावत नाही. तिथे तालमूद (मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ), जुने भाष्यकार, युक्तिवाद. गूढ ग्रंथाला आवाज कधी, तर तालमूद गप्प असेल तेव्हा. सणांच्या मधल्या दिवसांत तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या चामडी डब्या) बांधायचे की नाही, यावर तालमूदात स्पष्ट निर्णय नाही. जोहार या कबालाच्या मुख्य ग्रंथात मात्र कडक मनाई आहे, म्हणून कारोने 'बांधू नये' असं लिहिलं. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या परंपरेतले ज्यू ते पाळतात; पोलंडकडचे तेव्हा बांधत राहिले. नंतरच्या पंडितांनी ही रीत सरळ सांगून टाकली: तालमूद आणि जोहार भिडले तर तालमूद, तालमूद बोलतच नसेल तर जोहार.

हा अग्रक्रम कुठून आला? तालमूदातच 'अखनाईची चूल' म्हणून एक गोष्ट आहे. एक चूल तुकडे करून, मध्ये वाळू घालून रचलेली. ती विटाळू शकते की नाही यावर वाद. रब्बी एलियेझर म्हणतो शुद्ध, बाकी सगळे म्हणतात अशुद्ध. एलियेझर चमत्कार दाखवतो: झाड उपटून लांब जातं, ओढा उलटा वाहतो, पाठशाळेच्या भिंती कलायला लागतात. शेवटी आकाशातून आवाज येतो की एलियेझरचंच बरोबर. त्यावर रब्बी योशुआ उभा राहून तोराचंच (मोशेच्या पाच पुस्तकांतलं) वाक्य ऐकवतो: ती आकाशात नाही. म्हणजे कायदा आता आमच्या हवाली झालाय, आम्ही बहुमताने ठरवू. पुढे कोणीतरी एलिया संदेष्ट्याला विचारतं की तेव्हा देव काय करत होता? तो म्हणतो, हसत होता. माझ्या पोरांनी मला हरवलं म्हणत होता. (पोरं काही तेवढी गोड नव्हती. एलियेझरला त्यांनी लगेच वाळीत टाकलं, आणि ते पान वाचताना गळा दाटून येतो.)

दुसरी गोष्ट मला याहून आवडते. रोमन सत्तेविरुद्ध बोलल्यामुळे जिवावर बेतलं म्हणून रब्बी शिमोन बार योहाय मुलाला घेऊन गुहेत लपतो. बारा वर्षं. कपडे झिजू नयेत म्हणून गळ्यापर्यंत वाळूत पुरून बसायचं, अभ्यास करायचा, फक्त प्रार्थनेपुरते कपडे घालायचे. बाहेर येतात तर लोक शेत नांगरतायत. शिमोनला संताप येतो: शाश्वत जीवन सोडून हे पोटामागे लागलेत! बापलेक जिकडे बघतील तिकडे जळून खाक. मग आकाशवाणी होते: माझं जग उद्ध्वस्त करायला बाहेर आलात काय? चला, परत गुहेत. आणखी बारा महिने आत.

दुसऱ्यांदा बाहेर आल्यावर शुक्रवारी सांजेला एक म्हातारा दिसतो, मर्टल या सुगंधी झुडपाच्या दोन जुड्या घेऊन लगबगीने घरी चाललेला. कशाला? शब्बाथसाठी, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनासाठी. दोन कशाला? एक 'स्मरण ठेव' या आज्ञेची, एक 'पाळ' या आज्ञेची. तेवढं ऐकून त्यांचं मन शांत होतं. आणि पुढे काय करतो शिमोन? गावात काही दुरुस्त करण्यासारखं आहे का विचारतो. तिबेरियात एक जागा असते, खाली थडगी असतील या शंकेने पुरोहितांना वळसा घालून जावं लागतं. हा जाऊन जमीन तपासतो, टणक तिथे शुद्ध ठरवतो, भुसभुशीत तिथे खुणा करतो. तेरा वर्षं गुहेत बसून आलेला तपस्वी बाहेर येऊन नगरपालिकेचं सर्वेक्षण करतो! आणि याच शिमोनच्या नावावर पुढे जोहार खपला. तो ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कास्तील प्रांतात उघड झाला. आजचे अभ्यासक मोशे दे लेऑन (मृत्यू 1305) आणि त्याच्या वर्तुळाकडे बोट दाखवतात. श्रद्धाळू ते मानत नाहीत.

आता धूळधाण म्हणालो ती. स्मर्ना, म्हणजे आजचं इझ्मिर, तिथला शब्ताई त्झ्वी. गाझाच्या नाथानने 1665 मध्ये त्याला मसीहा म्हणून जाहीर केलं, आणि येमेनपासून ॲम्स्टरडॅमपर्यंत लोक वेडे झाले. लुरियाचीच भाषा, पण निष्कर्ष भलता: जगाची दुरुस्ती पूर्ण होत आली, आता जुन्या मनाया कशाला? यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा उपास, आव महिन्याची नवमी, याने सण करून टाकली. 1666 च्या सप्टेंबरात सुलतानापुढे उभं केल्यावर स्वारीने पगडी घातली आणि मुसलमान झाला. त्या चटक्याने रब्बी इतके सावध झाले की 1756 मध्ये ब्रोडी (आज युक्रेनमध्ये) इथल्या रब्बींच्या सभेने तिशीच्या आत जोहार आणि चाळिशीच्या आत लुरियाचे ग्रंथ शिकायला बंदी घातली. 'चाळिशीनंतरच कबाला' हे जे तुम्ही ऐकलं असेल, त्याला जोर इथून आला.

पुढच्या हसिदी भांडणाबद्दल (हसिद म्हणजे अठराव्या शतकात पूर्व युरोपात उभ्या राहिलेल्या भक्तिपंथाचे लोक) थोडक्यात, कारण त्याबद्दल गैरसमज फार. हसिद म्हणजे गूढवादी आणि त्यांच्यावर 1772 मध्ये बहिष्कार घालणारा विल्नाचा (आजच्या विल्नियसचा) गाओन, म्हणजे तिथला थोर पंडित, हा कोरडा कायदेपंडित, असं सांगतात. गाओन स्वतः कबालाचा मोठा जाणकार, त्यावर भाष्यं लिहिलेला. त्याचा शिष्य सांगतो की स्वर्गातले मग्गीद त्यालाही गुपितं द्यायला यायचे आणि तो नको म्हणायचा. कष्टाने कमावलेलंच ज्ञान हवं होतं त्याला. तो वाद गुपितांचा नव्हता. गुपित कोणाच्या हाती द्यायचं आणि अभ्यासाला दुय्यम करायचं का, याचा होता.

कबालाला सरळ नकार देणारे पाहायचे तर येमेनमध्ये. सनाचा रब्बी यिह्या काफिह (1850–1931) जोहारला खोटा ठरवून मायमोनिदिस या मध्ययुगीन कायदेपंडित-तत्त्वज्ञाकडे परत चला म्हणत होता. त्यावरून समाज उभा फाटला.

आणि आपलं कोकण? बेने इस्राएल बाहेरच्या ज्यूंच्या नजरेस आले तेव्हा त्यांच्याकडे ना तालमूद होता ना जोहार. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली', मुलांची सुंता, खाण्याचे नियम आणि 'शमा इस्राएल' ही प्रार्थना. एवढ्यावर शतकानुशतकं ज्यू राहिले. नियमांच्या बाजूने याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही. पण त्यांच्याकडेही एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, येतोच. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात मलिदा मांडतात: पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वर फळं. अलिबागजवळच्या खंडाळे गावात त्याच्या रथाची खूण दाखवतात. लुरियाला त्सफातमध्ये गुपितं सांगणारा एलिया तो हाच. मुंबई-पुण्याच्या बगदादी ज्यूंचं आणखी निराळं. त्यांना मार्गदर्शक असलेल्या बगदादच्या रब्बी योसेफ हायिम (1835–1909) यांच्या प्रसिद्ध ग्रंथात आठवड्याचा प्रत्येक धडा गूढ निरूपणाने सुरू होतो आणि पुढे रोजचे नियम येतात.

तुमच्या सहकाऱ्याला खोटं ठरवायचं नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी तो सिनेगॉगमध्ये 'लेखा दोदी' म्हणत असेल, तर कबाला त्याने न उघडताच गायलाय. ते गीत त्सफातच्या श्लोमो अल्काबेत्झचं, कारोच्या मग्गीदच्या रात्री समोर बसलेल्याचं. शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळतात, कारण शब्बाथ वधू होऊन आत येते. शावुओत या सणाच्या रात्रीचं जागरणही बहुतांशी त्याच मंडळींमुळे घरोघरी पोचलं. करणाऱ्यातल्या कितींना त्याचं मूळ माहीत असतं?

राहता राहिला इन्स्टाग्रामचा कोर्स. मिश्ना सांगते की सृष्टीच्या उत्पत्तीचं रहस्य दोघांसमोर उकलू नये आणि यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेल्या दैवी रथाचं एकट्यासमोरही नाही, तो स्वतःच्या बुद्धीने समजून घेणारा असल्याशिवाय. इथे झूमवर आल्यागेल्याला शिकवतात. मायमोनिदिस (1138–1204) म्हणतो, या गूढ ज्ञानाच्या बागेत फिरायला जाण्याआधी पोटात भाकरी आणि मांस हवं, आणि भाकरी-मांस म्हणजे काय चालतं, काय चालत नाही याचं ज्ञान. आधी पोटोबा मग विठोबा आपल्याकडेही म्हणतात, फक्त त्याचा पोटोबा म्हणजे कायदा. दाराच्या चौकटीवरच्या मझुझात (शास्त्रवचनं लिहिलेल्या चर्मपत्रात) देवदूतांची नावं लिहिणाऱ्यांना तर तो मूर्ख म्हणतो: देवाच्या एकत्वाची एवढी मोठी आज्ञा, आणि तुम्ही तिचा फायद्याचा ताईत केलात. लाल दोऱ्याच्या दुकानाला यापुढे मी काय जोडणार?

फी भरू नका. मिश्नातला 'पिरके आवोत' हा छोटासा भाग इंग्रजीत नेटवर फुकट आहे, एका बैठकीत वाचून होतो. तो वाचून कंटाळा आला नाही तर पुढचं विचारा, सांगतो.