ड्यूटी ९० टक्क्यांच्या वर गेली की करंटचे रीडिंग का बिघडते?

आपण ३६ व्होल्टच्या ब्रशलेस मोटारीसाठी स्वतः कंट्रोलर बांधला आहे. मोटारीच्या प्रत्येक फेजला (तारेला) वरचा आणि खालचा असे दोन मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच आहेत; तिन्ही फेजच्या खालच्या मॉसफेटखाली एकेक शंट, म्हणजे करंट मोजण्याचा अगदी लहान रेझिस्टर आहे, अ‍ॅम्प्लिफायर गेट ड्रायव्हरच्याच (मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या) चिपमध्ये आहेत आणि पीडब्ल्यूएम (मॉसफेट झपाट्याने चालू-बंद करून व्होल्टेज कमी-जास्त करणे) २० किलोहर्ट्झचा आहे. मोटार साइन पद्धतीने चालवताना ड्यूटी (प्रत्येक फेरीत वरचा मॉसफेट चालू असण्याचा वाटा) ९० टक्क्यांच्या पुढे गेली की करंटचे रीडिंग उड्या मारते, एकदा चिप बदलूनही फरक पडला नाही, तेव्हा तिसरी मागवावी का, असा आपला प्रश्न आहे. मागवू नये. मी भोसरीतल्या एका लहान कारखान्यात अशीच बोर्डे तपासतो, आणि अशा तक्रारींमध्ये दोष चिपचा निघाल्याचे फार क्वचित पाहिले आहे. बहुतेक वेळा करंट मोजण्याची वेळ चुकलेली असते.

शंट खालचा मॉसफेट आणि ग्राउंड यांच्या मध्ये बसलेला असल्यामुळे फेजचा करंट त्यातून जातो तो फक्त खालची बाजू चालू असताना. वरचा मॉसफेट चालू असेल तेव्हा मोटारीत २० अँपिअर वाहत असले तरी शंटवर शून्यच दिसते. म्हणजे पीडब्ल्यूएमच्या प्रत्येक फेरीत करंट पाहण्यासाठी एक खिडकी उघडते, आणि ड्यूटी वाढेल तशी ती अरुंद होत जाते. २० किलोहर्ट्झची फेरी ५० मायक्रोसेकंदांची असते. ९२ टक्के ड्यूटीला खालच्या मॉसफेटच्या वाट्याला त्यातले ४ येतात. वरचा आणि खालचा एकदम चालू राहून बॅटरी शॉर्ट होऊ नये म्हणून ठेवलेला डेड टाइम दोन्ही कडांना अर्धा-अर्धा मायक्रोसेकंद धरला तर ३ उरतात, आणि खिडकीच्या बरोबर मध्यावर रीडिंग घेतले तरी मॉसफेट चालू होऊन जेमतेम दीड मायक्रोसेकंद झालेला असतो. ९५ टक्क्यांना हाच अवधी पाऊण मायक्रोसेकंदावर येतो. आता आपल्या चिपच्या डेटाशीटमध्ये अ‍ॅम्प्लिफायरचा सेटलिंग टाइम (आउटपुट स्थिरावायला लागणारा वेळ) पाहावा. तो एक-दीड मायक्रोसेकंद असेल, तर ९० टक्क्यांच्या आसपासच घोळ का सुरू होतो हे निराळे सांगावे लागणार नाही.

त्या पहिल्या मायक्रोसेकंदात शंटवर नक्की काय चाललेले असते, हेही पाहण्यासारखे आहे. १ मिलिओहमच्या शंटवर २० अँपिअरला २० मिलिव्होल्ट मिळतात; अ‍ॅम्प्लिफायरने ते वीसपट केले की ०.४ व्होल्ट होतात, आणि ३.३ व्होल्टच्या १२ बिटांच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) त्यातून ०.०४ अँपिअरचा फरक ओळखता येतो. कागदावर हे उत्तम आहे. पण शंटला आणि त्याच्या ट्रॅकला मिळून २ नॅनोहेन्री एवढे किरकोळ इंडक्टन्स असले आणि स्विचिंगच्या क्षणी करंट मायक्रोसेकंदाला १०० अँपिअर या वेगाने बदलला, तर तेवढ्यानेच २०० मिलिव्होल्टचा टोला बसतो. खऱ्या सिग्नलच्या हा दहापट झाला. तो ओसरण्याआधी एडीसीने घेतलेले रीडिंग म्हणजे करंट नव्हे.

म्हणून पीडब्ल्यूएम घडवणाऱ्या टायमरचा काउंटर वर चढून खाली उतरणारा, म्हणजे सेंटर अलाइन्ड ठेवावा आणि एडीसीला ट्रिगर प्रोग्राममधून न देता थेट टायमरकडून द्यावा. तिन्ही फेजच्या कडा काउंटरच्या शिखराच्या (जिथे खालचे मॉसफेट चालू असतात) दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर पडतात, त्यामुळे शिखर ही फेरीतली सर्वांत शांत जागा असते, आणि करंटमधली लाटही तिथेच आपल्या सरासरी किमतीतून जात असते. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर वापरत असाल तर येथे एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलेलो आहे. सेंटर अलाइन्ड मोडमध्ये टायमरचा अपडेट इव्हेंट, ज्यावरून मी एडीसीला ट्रिगर देत होतो, एका फेरीत दोनदा येतो, एकदा शिखरावर आणि एकदा तळाशी. तळाशी वरचे मॉसफेट चालू असल्याने शंटवर शून्य असते. मी भाबडेपणाने दोन्ही रीडिंगची सरासरी घेत होतो, आणि क्लॅम्प मीटरवर १२ अँपिअर असताना माझा प्रोग्राम ६ सांगत होता. दोन दिवस मी अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (तो सिग्नल किती पट करतो ते) तपासत बसलो. रिपिटिशन काउंटर (इव्हेंट किती वेळा गाळायचा हे ठरवणारे रजिस्टर) १ केला की इव्हेंट फेरीत एकदाच येतो, पण तो कोणत्या टोकाला यावा हे ते रजिस्टर केव्हा लिहिले आणि काउंटर केव्हा सुरू केला यावर ठरते, तेव्हा स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) खात्री करून घ्यावी.

एवढे करूनही वरच्या टोकाला खिडकी अपुरी पडेलच. आपल्याकडे तीन शंट आहेत, ही येथे मोठी जमेची बाजू आहे. तिन्ही फेजच्या करंटची बेरीज शून्य असते, म्हणून ज्या फेजची ड्यूटी सर्वांत जास्त तिचे रीडिंग सरळ सोडून द्यावे आणि उरलेल्या दोघींवरून ते काढावे. स्पेस व्हेक्टर पद्धतीत (तिन्ही फेजच्या ड्यूटी एकत्रितपणे ठरवण्याच्या पद्धतीत), ओव्हरमॉड्युलेशन न करता, म्हणजे साइनचा आकार न बिघडवता, पूर्ण व्होल्टेज दिले तरी निवडलेल्या दोन फेजांपैकी अरुंद खिडकी फेरीच्या सुमारे ६.७ टक्क्यांपेक्षा, म्हणजे आपल्याकडे ३.३ मायक्रोसेकंदांपेक्षा लहान होत नाही. दोनच शंट असलेल्या बोर्डावर ही सोय नसते. तिथे ड्यूटीलाच लगाम घालावा लागतो.

अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा फिल्टर बसवल्याचे आपण लिहिले आहे. त्याचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे तो सिग्नलच्या किती मागे राहतो याचे माप, १० मायक्रोसेकंदांचा होतो. चार मायक्रोसेकंदांच्या खिडकीवर हा पडदा ओढला की रीडिंग गुळगुळीत दिसते आणि चुकीचे असते. तिथे १०० ओहम आणि १ नॅनोफॅरड पुरे, म्हणजे ०.१ मायक्रोसेकंद, पण चिपच्या इनपुटला तो रेझिस्टर चालतो का, एवढे डेटाशीटमध्ये पाहून घ्यावे. शून्याची दुरुस्ती (करंट नसतानाचे रीडिंग टिपून वजा करणे) मात्र सर्व गेट बंद असताना, सुरुवातीलाच करावी.

शंटवरून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारे दोन ट्रॅक पॅडच्या आतल्या कडेपासून निघून जोडीने जावेत. बाहेरच्या तांब्यावरून घेतले तर सोल्डरचा थरही शंटमध्ये मोजला जातो, आणि १ मिलिओहमपुढे तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. पुण्याच्या तापकीर गल्लीतून सुटे शंट आणत असाल तर चार टोकांनी (करंट दोन तारांनी देऊन, व्होल्टेज वेगळ्या दोन तारांनी घेऊन) मोजून मगच लावावेत.

स्कोपने पाहताना प्रोबची टीचभर लांब ग्राउंडची वायर काढून टाकावी आणि टोकाला छोटी स्प्रिंग लावून शंटच्याच ग्राउंड पॅडवर टेकवावी. त्या वायरमुळे स्क्रीनवर दिसणारे टोले बोर्डावर नसतातच, आणि नसलेल्या टोल्यांसाठी फिल्टर मोठा करण्याचा मोह होतो. दुसऱ्या चॅनलवर एडीसीच्या ट्रिगरच्या वेळी उंचावणारी एखादी पिन घ्यावी, म्हणजे रीडिंग खिडकीच्या आत पडते की कडेवर हे दिसेल. ड्यूटी कायमची ९५ टक्क्यांवर अडवावी लागली तरी वाईट वाटून घेऊ नये. आपल्या चिपमध्ये वरच्या गेटसाठी बूटस्ट्रॅप कपॅसिटर (वरचे गेट चालवण्यापुरता चार्ज साठवणारा) असेल, तर तो भरण्यासाठी खालचा मॉसफेट वेळोवेळी थोडा वेळ चालू ठेवावाच लागतो.