वजनाचं इंजेक्शन घेऊ का, डॉक्टर?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय 43, उंची पाच फूट दोन इंच, वजन 91 किलो. सहा वर्षांपासून शुगर आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. मागे सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले होते पण त्रास काही नाही. ओळखीतला जिमवाला म्हणतो, मौंजारोचं पेन आणून देतो, तीन महिन्यांचा कोर्स करा, 20 किलो सहज जातील. घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, औषध तुमच्यासाठी नाहीच असं मी अजिबात म्हणणार नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 37 च्या आसपास जातोय, त्यात शुगर, म्हणजे ज्यांना याचा खरा फायदा होतो त्यांच्यातच तुम्ही बसता. भूक कमी होते, पोट हळू रिकामं होतं, शुगर खाली येते, बीपीही बऱ्याच जणांचं सुधारतं. पण जिमवाल्याकडून नको, आणि "कोर्स" म्हणून तर नकोच.

हे मौंजारो म्हणजे टिर्झेपॅटाइड. सुरुवात आठवड्याला 2.5 मिलिग्रॅमने होते, चार आठवड्यांनी 5, मग गरज असेल तसं अडीच-अडीचने वाढवतात, म्हणजे तीन महिन्यांत तुम्ही जेमतेम 7.5 वर पोचाल आणि तिथेच बंद करणार! 15 मिलिग्रॅमवर सरासरी 20 टक्के वजन उतरल्याचा जो आकडा सगळे सांगतात तो 72 आठवड्यांचा आहे, आणि तोही डायबेटिस नसलेल्यांचा. डायबेटिस असलेल्यांमध्ये तेवढ्याच काळात साधारण 15 टक्के, म्हणजे तुमच्या हिशोबाने 13-14 किलो. हेही कमी नाही, गुडघ्यांना लगेच जाणवेल, पण वेळ दीड वर्षाचा धरा.

आणि बंद केल्यावर काय? एका मोठ्या अभ्यासात 36 आठवडे औषध घेऊन थांबवलेल्यांचं वजन पुढच्या वर्षभरात सरासरी 14 टक्के परत वाढलं. बीपीची गोळी बंद केली की बीपी वाढतं तसंच हे, त्यात तुमचा आळस किंवा जिभेचा दोष नाही. म्हणून खर्चाचा हिशोब आधीच घरात बसून करा, दोन-तीन वर्षं झेपेल का ते बघा.

आता तुमच्या बाबतीत मला खरी काळजी आहे ती ग्लिमेपिराइडची. सकाळी गोळी घेतली आणि इंजेक्शनमुळे अर्धी भाकरीही गेली नाही तर शुगर एकदम खाली येते, घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी. त्यामुळे सुरू करतानाच डॉक्टर बहुतेक ही गोळी कमी करतील, ते तुमचं तुम्ही करू नका. दुसरं, वजन भराभर उतरलं की पित्ताचे खडे त्रास द्यायची शक्यता वाढते, म्हणून तो सोनोग्राफी रिपोर्ट घेऊनच जा. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता बऱ्याच जणांना सुरुवातीला होते, थोडं थोडं खाल्लं की निभावतं. पण पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन पाठीत जात असेल आणि थांबत नसेल तर ती स्वादुपिंडाची सूज असू शकते, वाट न बघता हॉस्पिटल गाठा. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडचा एक दुर्मिळ कॅन्सर) झालाय का तेही विचारून ठेवा, असेल तर हे औषध देत नाहीत.

चरबीबरोबर स्नायूही जातात. दोन घासांत पोट भरतंय तर ते घास वरणाचे, उसळीचे, अंड्याचे, पनीरचे असू द्या, पोळी-भात नंतर. आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलायचा व्यायाम हवाच, इथे जिमवाल्याचा खरा उपयोग आहे.

शिवाय पेन न वापरलेलं असेपर्यंत 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, त्याने ते कुठे ठेवलं होतं हे तुम्हाला कसं कळणार? एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टची (हार्मोनच्या डॉक्टरांची) चिठ्ठी आणि बिल, दोन्ही घ्या.

प्रश्न: मुलगी 24 वर्षांची, उंची 5 फूट 4 इंच, वजन 62. तीन महिन्यांनी लग्न आहे, तिला सेमाग्लुटाइड (हेही वजनाचंच औषध) घ्यायचंय. (एक आई, सांगली)

उत्तर: नको. तिचं वजन हे औषध लागावं इतकं नाही, फायदा नाही आणि उलट्या, अशक्तपणा मात्र पदरात. तिला हे वाचायला द्या. आणि जर लपून आधीच सुरू केलं असेल तर रागावू नका, डॉक्टरकडे न्या, कारण मूल हवं असेल तर गर्भ राहायच्या किमान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड बंद करावं लागतं.