कॉक्सबाजारला निघण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

बांगलादेशातल्या कुतुपालोंगच्या रोहिंग्या निर्वासित छावणीत नोंदणीचं काम तुझ्याकडे आलंय, तर 'घरात कुणी अपंग आहे का?' हा प्रश्न आधी फॉर्ममधून काढून टाक. काही जण लाजेपोटी 'नाही' म्हणतात. काहींना खरंच वाटतं की आजीला वयामुळे दिसत नाही, ती कुठली अपंग? त्याऐवजी अपंगत्व मोजण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या वॉशिंग्टन ग्रुप या गटानं तयार केलेले सहा प्रश्न घे: पाहणं, ऐकणं, चालणं-चढणं, लक्षात ठेवणं किंवा लक्ष लागणं, स्वतःचं आवरणं, आणि बोललेलं समजणं-समजावणं. उत्तरं चार: त्रास नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. एका जरी प्रश्नाला 'खूप' किंवा त्यापुढचं उत्तर आलं, की त्या व्यक्तीची नोंद करायची. लहान मुलांना हे प्रश्न लावू नकोस. २ ते १७ वर्षांसाठी युनिसेफचा वेगळा संच आहे.

गोची होते ती विचारताना. सर्वेक्षक चार पर्याय वाचत नाही, 'त्रास आहे की नाही?' एवढ्यावर भागवतो, आणि 'थोडा' व 'खूप' एकाच खान्यात जातात. दुसरं म्हणजे कुटुंबप्रमुखच सगळ्यांच्या वतीनं बोलतो. बहिऱ्या सुनेपर्यंत प्रश्न पोचतच नाही. म्हणून रोहिंग्या बोलीतले प्रश्न आधी वीसेक घरांत विचारून बघ.

आता संडास. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार १:१२ हवा, हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणजे ५० सेंटिमीटर उंच जोत्याला ६ मीटर रॅम्प. टेकडीवर एवढी जागा कुठून आणणार? मग घसरगुंडीवजा रॅम्प बांधतात, अहवालात त्याचा फोटो झळकतो आणि चाकाची खुर्ची खालीच राहते. त्यापेक्षा जोतं २० सेंटिमीटरवर आण, २.४ मीटरमध्ये काम होतं. पावसाचं पाणी वळवायला वरच्या अंगानं चर खण. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर ठेव. दार बाहेर उघडणारं हवं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगानं अडतं. खुर्ची वळवायला आत १५० सेंटिमीटर व्यासाची जागा लागते. आणि झोपडीपासून संडासापर्यंतची वाट स्वतः चालून बघ. मध्ये मातीच्या चार पायऱ्या असल्या तर वरचं सगळं फुकट.

हे नकाशातच बसवलं तर खर्च फारसा वाढत नाही. बांधकामाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी ०.५ ते १ टक्का धरण्याचा प्रघात आहे. बांधून झाल्यावर तोडफोड करायची म्हटलं तर तेवढ्यात भागत नाही. देणगीदार कुरकुरले तर संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराची कलमं ११ आणि ३२ पुढे कर. पहिलं आपत्तीबद्दल आहे, दुसरं आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल, आणि बांगलादेशानं हा करार २००७ मध्येच मान्य केलाय.

नकाशा पक्का होण्याआधी मला पाठव.